गिरणीच्या फाटकापर्यंतची मिरवणूक

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जर्मनीतल्या एका दरीतल्या जुन्या कापडगिरणीला टाळं लागलं, त्यात माझ्या नवऱ्याचा काहीही हात नव्हता. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीत, उभ्याने आणि छातीवर हात ठेवून करते आहे. त्या गावात काही लोक अजून वेगळं सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. गिरणी आधीच मरत होती. माझा नवरा फक्त तिच्या अंत्ययात्रेत ढोल वाजवायला गेला होता.

तो त्याने कसा वाजवला, एवढाच काय तो वादाचा मुद्दा.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. मी एर्लांगेनला कानाच्या यंत्रांवर संशोधन करत होते. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. एर्लांगेनमध्ये आम्हाला घर मिळेना. घरमालक फोनवर छान बोलायचे आणि आमचं आडनाव ऐकलं की त्यांचं घर तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी गेलेलं असायचं. शेवटी रिजनल गाडीने तासाभरावर असलेल्या त्या गिरणीगावात घर मिळालं. तिथे घरं भरपूर होती, कारण तिथून माणसं निघून चालली होती.

गिरणीने कामगारांसाठी कधीकाळी बांधलेल्या घरांची ती रांग. दगडी भिंती, तांबडी कौलं, पुढे एवढासा वाफा, मागे कपडे वाळत घालायचं सामाईक हिरवं पटांगण. तळघरात सगळ्यांची मिळून धुण्याची खोली, वाश्क्यूशं. तिथे कुणी कुठल्या वारी धुवायचं ते ठरलेलं. रविवारी दोरीवर साधा रुमालसुद्धा दिसता कामा नये. शनिवारी आपापल्या दारापुढचा रस्ता झाडायचा, मग तो स्वच्छ असो वा नसो. मी पहिल्या शनिवारी विचारलं, "कचराच नाही, तर झाडायचं काय?" त्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, "कचरा नसतो, कारण आम्ही झाडतो." मी झाडायला लागले.

आणि रस्त्यात भेटेल त्याने भेटेल त्याला "ग्र्यूस गॉट" म्हणायचं, म्हणजे देवाला नमस्कार. आम्ही बौद्ध. आमच्या आईवडिलांनी घरातल्या फडताळातून देव हलवले, ते अशासाठी नक्कीच नाही की पोरांनी परदेशात जाऊन पाव आणायला जाताना देवाला उठता बसता नमस्कार करावा. पण गावात राहायचं तर काय करता? नवरा म्हणायचा, "अगं, त्यांचा देव, त्यांचा नमस्कार. आपण नुसते पोस्टमन."

या सगळ्यावर राज्य होतं भोंग्याचं. पाळी सुरू व्हायला भोंगा, जेवणाला भोंगा, सुटायला भोंगा. गिरणीत आता मूठभर माणसं उरली होती, तरी भोंगा पूर्वीच्याच तोऱ्यात वाजायचा. दुपारी दोनचा भोंगा झाला की बेकरीवाली पावांचा नवा ट्रे बाहेर काढायची, शेजारचा कुत्रा उठून फाटकाशी जायचा आणि आमची सात वर्षांची लेक जेथे असेल तेथून "फायराबेंड!" असं ओरडायची, म्हणजे आजचं काम संपलं. तिने आयुष्यात काडीचं काम केलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडचे शेजारी म्हणजे मास्तर आणि मास्तरीणबाई. ही नावं अर्थात मी ठेवलेली. ते गिरणीत मागखात्याचे माइस्टर, म्हणजे प्रमुख कारागीर होते, म्हणून मास्तर. शिवाय गिरणीच्या बँडचेही प्रमुख. त्यांचे वडीलही त्याच बँडचे प्रमुख होते. घरात वडिलांचा फोटो होता, त्यात ते छातीवर पदक आणि हातात बँडची लांब काठी घेऊन असे उभे होते, की फोटो काढणाऱ्याने श्वास रोखला असणार. मास्तरीणबाई शाळा सुटल्या सुटल्या मागावर उभ्या राहिल्या होत्या आणि आता कापड तपासणीत होत्या. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. मी दिवसभर कानाच्या यंत्रांवर डोकं शिणवायचे आणि शेजारणीला एक यंत्र कानात घालायला लावू शकत नव्हते. ही माझ्या संशोधनाची खरी अवस्था.

"मला काय गरज?" त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या. "मागखात्यात आम्ही सगळ्या ओठ बघूनच बोलायचो. तुमच्याकडचंही कळतं मला."

"मराठी?"

"काल तुम्ही नवऱ्याला खिडकीपाशी जे म्हणालात ना, ते अगदी बरोबर होतं."

तेव्हापासून आम्ही भांडताना पडदा ओढून घ्यायला लागलो.

गिरणी बंद होणार, हे गावाला वसंतात कळलं. कोणी चिडलं नाही. म्हणजे बेकरीत दोघं चिडले, पण दबक्या आवाजात, आणि बाहेर पडताना दोघांनी पायपुसण्याला पाय पुसले. मी गिरण्यांच्या संपांच्या गोष्टी ऐकत वाढलेली. मला वाटलं, आता फाटकावर सभा होईल, घोषणा होतील, निदान एखादी काच तरी फुटेल. इथे काय झालं? लोकांनी वाफ्यात बटाटे लावले. सगळ्यांनाच कळून चुकलं होतं की करण्यासारखं काही नाही, आणि करण्यासारखं काही नसेल तर बटाटे तरी वेळेवर लावावेत, असा त्यांचा हिशेब होता.

मग दुसरी बातमी आली. माग विकले गेले. कुठे? हिंदुस्थानात.

आता बघा. माझा नवरा गाड्यांच्या ब्रेकचं काम करायचा. मागाचा आणि त्याचा संबंध एवढाच, की तो कपडे घालत असे. पण आख्ख्या गावात हिंदुस्थान म्हणजे आम्ही तीन माणसं. बेकरीत रांगेतला म्हातारा मागे वळून अगदी सभ्यपणे म्हणाला, "मग, तुमच्याकडे जाताहेत." जणू आम्ही ते रात्रीतून उचलून आमच्या वाफ्यात लावणार होतो. नवरा म्हणाला, "या, गेनाऊ." म्हणजे, हो, अगदी बरोबर. दुसरं काय म्हणणार बिचारा! घरी येऊन म्हणाला, "मी आता पाव नाही आणणार. तू जा."

मी गेले. मलाही तेच ऐकावं लागलं.

मास्तरीणबाई मात्र वेगळंच विचारायच्या. कपडे वाळत घालताना, तोंडात चिमटे धरून. "खिडकीकडच्या रांगेतला शेवटचा माग माझा. त्याचा डावा पाय जरा नाजूक आहे. तिकडे कोण असेल त्याच्यावर?"

"ठाऊक नाही हो मला."

"बाई असेल का?"

"असू शकेल."

"तिला सांगाल?"

कुणाला सांगणार होते मी, आणि कुठे जाऊन? "हो," म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं. त्यांच्याशी खोटं बोलणं फार अवघड होतं. आवाजातून निसटता येतं, ओठांतून नाही. त्यांनी पुढची चादर उचलली. त्यांचं वय असं होतं की पेन्शनला अवकाश आणि नव्या नोकरीला उशीर. सरकारी कचेरीतल्या पोरीने त्यांना कॉम्प्युटरचा वर्ग सुचवला होता. त्या वर्गाला जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "उंदीर चांगला आहे. पण त्याचं करायचं काय?"

आणि मग एका रविवारी, जेवणानंतरच्या शांततेच्या वेळी, जेव्हा कोणी कोणाची बेल वाजवत नाही, तेव्हा मास्तरांनी आमची बेल वाजवली. अंगात कोट. मी घाबरले. मला वाटलं, आमच्या लेकीने पुन्हा त्यांच्या स्ट्रॉबेरी खाल्ल्या.

मास्तर खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आल्झो, तर मग. मला ढोलवाला पाहिजे."

प्रकरण असं होतं. शेजारच्या दरीतली गिरणी आदल्या वर्षी बंद झाली, तेव्हा माणसं मागच्या दाराने एकेक करून निघून गेली होती. डबा पिशवीत घालून, कोणाकडे न बघता. शेवटच्या दिवशी पहारेकऱ्याने टाळं लावलं तेव्हा आत कोणी उरलंच नव्हतं. मास्तरांच्या ते जिवाला लागलं होतं. आपल्या गिरणीत असं होऊ द्यायचं नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मागखात्यापाशी जमायचं. पुढे बँड, मागे कामगार. बँडने संथ चालीत, जशी गावात माणूस गेल्यावर वाजवतात तशा चालीत, पटांगण ओलांडून फाटकापाशी यायचं. तिथे उभं राहायचं. दोन वाजता भोंगा होईल, शेवटचा. तो पूर्ण ऐकायचा. आणि मग सगळ्यांनी एकदम बाहेर पडायचं.

"भोंग्यावर," मास्तर म्हणाले. "आधी नाही, नंतर नाही. माझे वडील भोंग्यावर बाहेर पडले, मी भोंग्यावर बाहेर पडणार. आमच्याबद्दल कोणी असं म्हणता कामा नये, की हे लोक पळाले."

त्यासाठी ते रविवारी रिकाम्या पटांगणातून हातात घड्याळ धरून, मनात चाल म्हणत, मागखात्यापासून फाटकापर्यंत पुन्हा पुन्हा चालून आले होते. चाल संपेल आणि भोंगा होईल, असं त्यांनी जुळवलं होतं. सगळं जमलं होतं, फक्त ढोलवाला श्टुटगार्टकडे नोकरी लागून निघून गेला होता. तोही तरुण होता, जाणारच.

"तुम्ही वाजवता असं ऐकलं," मास्तर नवऱ्याला म्हणाले.

कुठून ऐकलं? तर आमच्या लेकीकडून. आणि ते खरं होतं! माझा नवरा अकोल्याचा. त्याच्या मोठ्या काकांचा बँड होता. लाल कोट, सोनेरी झालर, एका बाहीचं बटण नेहमी तुटलेलं. लग्नसराईत वराती आणि एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक. शाळेच्या आणि कॉलेजच्या सुट्ट्यांत हा काकांच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा. इंजिनियर झाल्यावर त्याने ही गोष्ट माझ्या वडिलांपासून लपवली होती आणि बाकी सगळ्या जगाला सांगितली होती.

तरी मला वाटलं, तो नाही म्हणेल. पण त्याच्या डोळ्यांसमोर बेकरीतली ती रांग आली असणार. आपण माग थांबवू शकत नाही, नोकऱ्या देऊ शकत नाही, निदान ढोल तरी वाजवू.

"नातुर्लिश," तो म्हणाला. म्हणजे, अर्थातच.

मास्तरांनी उठून त्याचा हात दोन्ही हातांत धरला. जर्मन माणूस असं करत नाही. मग ते एकच शब्द बोलले: "लांगसाम." हळू.

"या, या, लांगसाम," नवरा म्हणाला.

पुढचे आठवडे तो वाश्क्यूशंमध्ये सराव करत होता. ढोल घरात मावेना, म्हणून तळघरात, आणि तोही फक्त आमच्या धुण्याच्या वारी. मशीन घरघरतंय, लेक उलट्या बादलीवर बसली आहे, आणि हा गळ्यात तो अवाढव्य ढोल अडकवून धुम्म... धुम्म... करतोय. दोन ठोक्यांच्या मध्ये त्याचा जीव कासावीस व्हायचा.

"अगं, मध्ये केवढी जागा आहे!" तो म्हणायचा. "एवढ्यात आमच्याकडे नवरदेव घोड्यावरून उतरून पुन्हा चढला असता."

"तुम्ही नवरदेव नाही आणत आहात. प्रेत नेताय."

"मला माहीत आहे."

"मग प्रेतासारखं वाजवा."

"प्रेत वाजवत नसतं, बाईसाहेब!"

त्यावर लेक बादलीवरून म्हणाली, "पापा, त्सू श्नेल." फार जोरात जातोयस. ती आमचं सगळं मराठी समजायची आणि उत्तरं जर्मनमध्ये द्यायची, न्यायाधीशासारखी. तिच्यापुढे अपील नसे.

पण तो शिकला हो. खरंच शिकला. तालमी गिरणीच्या कँटीनमध्ये व्हायच्या. मी एकदा बघायला गेले. बँडमध्ये बहुतेक पिकले केस. ट्यूबा वाजवणारे गृहस्थ दोन ओळींनंतर एकदा श्वास घ्यायचे आणि तो घेताना खिडकीची काच हलायची. माझा काळासावळा नवरा त्यांच्या शेवटच्या रांगेत, चेहरा इतका गंभीर, की त्याला मी लग्नातही तसं पाहिलं नव्हतं. धुम्म. जागा. धुम्म. जागा. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आमच्या आधीच्या ढोलवाल्यापेक्षा चांगलं." नवरा घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हता.

मास्तरीणबाईंना मात्र ही संथ चाल मान्य नव्हती. "प्रेतयात्रा कशाला?" त्या मला दोरीपाशी म्हणाल्या. "मला त्या फाटकाशी उभं राहून रडायचं नाही. आख्खं गाव बघायला येणार. सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत." आणि मग, चादरीचं एक टोक माझ्या हातात देत, "तुमचे ऐकतात का?"

"कशाचं!"

त्या पहिल्यांदाच हसल्या. आम्ही चादरीची घडी घातली. त्यांच्या बाजूची घडी सरळ, माझ्या बाजूची तिरकी.

तो दिवस उजाडला. लख्ख ऊन. मी रजा काढली होती. आख्खं गाव फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं होतं, चांगले कपडे घालून, हात पुढे बांधून. आत शिरायची परवानगी फक्त कामगारांना आणि बँडला. मी लेकीला घेऊन अगदी फाटकाच्या खांबापाशी जागा पटकावली. तिथून आतलं पटांगण थेट मागखात्यापर्यंत दिसत होतं. फाटकाच्या आत, जरा बाजूला, कंपनीच्या मुख्य कचेरीतून आलेले एक साहेब छोट्या माइकपाशी उभे होते. भोंगा होऊन सगळे बाहेर पडले की ते दोन शब्द बोलणार होते. त्यांच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडत होता आणि ते तो सारखा मांडीवर सपाट करत होते.

आणि मी फाटकाकडे वर बघितलं.

गिरणीतल्या बायकांनी आदल्या दिवशी फाटकाला कमान बांधली होती. देवदाराच्या हिरव्या फांद्यांची, मधून मधून पांढरी आणि निळी कागदी फुलं. दोन्ही खांबांना माळा. मधोमध एक मोठं फूल. फार सुंदर.

हुबेहूब लग्नाचा मांडव.

आता इथे मला थांबून आमच्याकडच्या बँडवाल्यांचा एक नियम सांगणं भाग आहे. वरात गावातून फिरते तेव्हा बँड आरामात वाजतो. पोरं नाचतात, म्हातारे कंटाळतात, घोडा उभ्या उभ्या झोपतो. पण मांडवाची कमान नजरेला पडली की ढोलवाल्याने ठेका वाढवायचा. हे कोणी शिकवत नाही. काका फक्त मागे वळून एकदा बघायचे. आधी पायी चाल, मग दुडकी, मग अशी की वऱ्हाड थेट मांडवात जाऊन पडलं पाहिजे. नाहीतर ते रस्त्यातच नाचत राहतं, मुहूर्त टळतो, आणि आत आचारी शिव्या देतो. मांडव दिसला आणि ढोल वाढला नाही, तर तो ढोलवाला कसला? माझ्या नवऱ्याच्या मनगटांना ही गोष्ट त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होती. मनगटांना जर्मन येत नव्हतं.

मागखात्यापाशी बँड उभा राहिला. पुढे मास्तर, वडिलांची काठी घेऊन, पाठ बँडकडे आणि तोंड फाटकाकडे. त्यांच्या मागे ट्रॉम्बोन, मग बाकीचे, शेवटच्या रांगेत ट्यूबा आणि माझा नवरा. त्यांच्या मागे कामगार. सर्वांत पुढच्या बायकांनी मागावरून उतरवलेलं शेवटचं कापड दोन्ही हातांवर धरलं होतं. पांढरंशुभ्र, लांबलचक. मास्तरीणबाई पहिल्या टोकाला होत्या.

काठी वर गेली. धुम्म.

काय चाल होती! माझ्या शेजारची बेकरीवाली एप्रनने डोळे पुसायला लागली. धुम्म. जागा. धुम्म. नवरा ढोलामागून दिसतही नव्हता, फक्त त्याची टोपी दिसत होती आणि काठी वर जाताना दिसत होती. मला अभिमानाने भरून आलं. मी लेकीला म्हटलं, "बघ, पापा." ती म्हणाली, "शोन गुट." ठीक आहे.

पटांगणाच्या मध्यावर एक शेड आहे. तिच्या बाजूने माझ्या खांबापर्यंत नजर पोचते, पण फाटकावरची कमान तिच्या छपराआड राहते. शेडचा कोपरा वळलं की समोर एकदम फाटक.

बँड शेडचा कोपरा वळला.

टोपी थबकली. एक क्षणभरच. टोपीने कमान बघितली.

धुम्म, धुम्म.

"नको," मी म्हणाले.

धुम्म धुम्म, धुम्म धुम्म.

मी दोन्ही हात पुढे करून खाली दाबत "हळू, हळू" अशी खूण केली. त्याने मला पाहिलं. आणि मांडवाच्या दारात हात हलवणारी बाई बघून जगातला कुठलाही ढोलवाला जे करील तेच त्याने केलं. तो हसला आणि दुडकीत शिरला.

बँडची एक गंमत असते. मास्तर कितीही मोठा असो, पाय ढोलाचं ऐकतात. ट्यूबावाल्यांनी प्रयत्न केला, खरंच सांगते. ते संथ चालीत चार पावलं टिकले, शेजारच्या ढोलाने त्यांना ढकललं, आणि मग त्यांच्या गालांनी शरणागती पत्करली. तीच शोकगंभीर धून, पण धावत. प्रेताला गाडी पकडायची असावी तशी. ट्रॉम्बोनवाले आता मास्तरांच्या पाठीशी येऊन ठेपले होते. दर वेळी नळी पुढे सरकली की त्यांच्या कोटाला टेकायची. मास्तरांनी मागे वळून बघायचं नसतं, बँडप्रमुख कधी वळत नाही. ते तसेच ताठ मानेने, काठी उंच धरून, चेहरा लाल, पाय मात्र तुरुतुरु. त्यांच्याकडे पाहवेना. इतके रविवार ते घड्याळ घेऊन चालले होते!

"पापा, लांगसाम!" लेक किंचाळली. पण त्या आवाजात काय ऐकू येणार?

मागे कामगार धावत होते. आधी ओशाळून, मग कापड जमिनीला लागेल म्हणून, मग कशासाठी कोण जाणे. कापड वाऱ्याने फुगलं होतं आणि बायका त्याच्याखालून पळत होत्या. एका म्हाताऱ्याची टोपी पडली, ती उचलायला कोणी थांबलं नाही. फाटकापाशी थांबायचं, असं ठरलं होतं. कोण थांबवणार? माइकवाले साहेब "मायनं डामं उंड...", म्हणजे "सभ्य स्त्रिया आणि...", एवढं म्हणाले आणि उडी मारून खांबाला चिकटले. त्यांचा कागद ट्यूबात गेला, असं लेक शपथेवर सांगते. मी ते पाहिलं नाही. मी डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा सगळे बाहेर होते. बेकरीसमोर, रस्त्यावर, एकमेकांवर आदळून थांबलेले. ढोल थांबला होता. नवऱ्याने आजूबाजूला बघितलं. मांडव मागे राहिला होता. पुढे वऱ्हाड नाही, नवरी नाही, आचारी नाही. एक बेकरी आणि आख्खं गाव. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग कसा उतरत गेला ते मी बघितलं, आणि मला काहीही करता आलं नाही.

मास्तर वळले. खिशातून घड्याळ काढलं. बघितलं. त्यांच्या ओठांवर शब्द आले नाहीत, आले असते तर बायकोने वाचले असते. ते नुसते रिकाम्या पटांगणाकडे बघत राहिले. आत कोणीच नव्हतं. उघडं फाटक, ती कमान, आणि कुणाची तरी पडलेली टोपी.

नवरा ढोल तसाच गळ्यात घेऊन त्यांच्यापाशी गेला. "हेर माइस्टर," तो म्हणाला. मास्तरांनी हात वर केला. थांब, अशा अर्थाने.

आणि तेव्हा भोंगा झाला.

तो लांबच लांब वाजला. रिकाम्या गिरणीत, रिकाम्या पटांगणावर, कोणालाही सोडायला नसताना. आम्ही सगळे बाहेरून ऐकत उभे होतो. शेजारचा कुत्रा उठून फाटकाशी गेला, आत डोकावला, आणि परत आला. भोंगा थांबल्यावर लोकांची धाप ऐकू येत होती. मास्तरांची हनुवटी हलायला लागली. बेकरीवालीने पुन्हा एप्रन उचलला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस आख्ख्या गावासमोर रडणार, आणि ते आमच्यामुळे.

मास्तरीणबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. केस विस्कटलेले, कापडाचं टोक छातीशी धरलेलं, श्वास लागलेला. त्यांनी फाटकाकडे बघितलं, मास्तरांच्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं:

"अगं बाई, जन्मात पहिल्यांदा भोंग्याच्या आधी सुटले मी!"